सोमच्या टेकड्यांवरून सायकलने: आल्बेर ते आमियाँ, दोन दिवसांची वाट

उत्तर फ्रान्समधल्या आँक्र नदीच्या पुलापासून थिएपव्हाल गावापर्यंतचा चढ जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. उंची साधारण सत्तर मीटर वाढते. सिंहगड चढणाऱ्या सायकलवाल्याला हा चढ म्हणजे काहीच नाही. हलका गिअर टाकून, गप्पा मारत, दहा मिनिटांत तुम्ही वर पोचता. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ ला सकाळी साडेसातला ब्रिटिश सैन्य याच उतारावर जर्मनांवर चालून गेलं, आणि थिएपव्हाल त्यांच्या हाती पडायला सप्टेंबरची २६ तारीख उजाडली. दहा मिनिटं आणि जवळपास तीन महिने! पहिल्या दिवशीच ५७,४७० माणसं कामी आली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली १९,२४० मेली.

पुस्तकात ‘टेकडीचा माथा’ असं वाचलं की डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. इथे डोंगर नाहीत. चुनखडीच्या जमिनीला आलेल्या लांबलचक लाटा आहेत, त्यांवर गहू, बटाटा आणि साखरेचं बीट. गाडीतून पाहिलं तर सगळं सपाट वाटतं. सायकलवर मात्र मांड्यांना कळतं की कोण वर होतं आणि कोण खाली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की उत्तर फ्रान्समधला हा भाग पाहायचा तर सायकलवरूनच पाहावा. त्यासाठीच हा लेख.

कधी जायचं

मेचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. जूनमध्ये शेतांच्या कडेला लाल पॉपी फुललेली असते, रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुलैच्या अखेरीस गव्हाची कापणी सुरू होते आणि अरुंद रस्त्यांवर मोठी यंत्रं येतात. ती दिसली की कडेला थांबून वाट द्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. बीटची काढणी चालू असते, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडतो, आणि पाऊस पडला की त्या चिखलावरून रोडबाईकचं टायर साबणावरून घसरावं तसं घसरतं.

वाऱ्याचा विचार आधी करा. माथ्यावर झाडं कमी, आडोसा नाही, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. पहिल्या दिवशी परतीचा टप्पा याच वाऱ्याच्या तोंडावर आहे. सकाळी अंगात जोर आहे म्हणून सगळा खर्चून टाकू नका.

सायकल आणि सामान

रोडबाईकच घ्या, पण टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ३२ बसत असेल तर उत्तम. इथल्या चुनखडीत गारगोटीचे तुकडे असतात, काचेसारख्या धारेचे. पावसानंतर ते शेतातून वाहून डांबरावर येतात. वाटेतल्या काँतालमेझाँ गावाच्या अलीकडे माझं मागचं टायर असंच कापलं गेलं. तुकडा नखाएवढाच, वरून दुधी आणि आतून काळा, पण टायरला पाऊण सेंटिमीटरची चीर. आतून चॉकलेटचं दुमडलेलं वेष्टन लावून, नवी ट्यूब घालून आल्बेर गाठलं. तेव्हापासून दोन ट्यूब, पंक्चर पॅच, टायरला आतून लावायची पट्टी आणि पंप एवढं बरोबर असतंच. सायकलचं दुकान आमियाँला मिळेल. वाटेतल्या खेड्यांच्या भरवशावर राहू नका.

चढ तीव्र नाहीत, पण संपतही नाहीत. चढलात की उतार, उतरलात की पुन्हा चढ. पुढच्या दोन चकत्यांना ५०-३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३० दात असले की पुरे. सरावासाठी पुण्याहून पौड-मुळशीचा रस्ता चांगला, कारण तिथेही एक सलग घाट चढण्यापेक्षा लय मोडत-जोडत जावं लागतं. पन्नास-साठ किलोमीटर लागोपाठ दोन दिवस न थकता जमत असतील तर तुम्ही तयार आहात.

पायात शक्यतो चालता येतील असे बूट घाला. दिवसातला निम्मा वेळ तुम्ही स्मशानभूमींमध्ये आणि स्मारकांवर चालणार आहात. रोडबाईकच्या बुटांच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे टणक क्लीट हिरवळीला खड्डे पाडतात आणि दगडी पायऱ्यांवर घसरतात.

पोचायचं कसं

पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून आमियाँची गाडी पकडा. सव्वा ते दीड तास लागतो. तिथून लीलकडे जाणाऱ्या टेर गाडीने अर्ध्या तासाच्या आत आल्बेर. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना लीलमार्गे येणं सोपं पडेल. टेर म्हणजे प्रांतिक लोकल. तिच्यात सायकल घेऊन चढता येतं, फक्त सकाळ-संध्याकाळची ऑफिसची गर्दी टाळा. डब्यावर सायकलचं चित्र असतं, तिथेच उभे राहा.

रस्त्याचे नियम

सर्वांत आधी: उजवीकडून चालवायचं. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं, पण थांबून फोटो काढून पुन्हा निघताना आपला हात हँडल आपोआप डावीकडे वळवतो. चूक तिथेच होते. मी पहिले दोन दिवस हँडलच्या उजव्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावतो. निघताना नजर त्या टोकाकडे गेली की बाजू आठवते.

दुसरं, ‘उजव्याला प्राधान्य’. खेड्यात उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या गाडीला, वेगळा फलक नसेल तर, आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या दिसणाऱ्या रस्त्यावर असलात तरीही. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेला फलक दिसला की प्राधान्य तुमच्या रस्त्याला. तोच फलक काळ्या रेघेने कापलेला असेल तर ते संपलं. गावाबाहेर ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने सायकलपासून दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि माझा अनुभव असा की बहुतेक चालक तो पाळतात. कानात इअरफोन घालून चालवायला मनाई आहे. घंटी लागतेच. रात्री किंवा धुक्यात दिवे लागतात, आणि गावाबाहेर चमकणारं जाकीटही. संकटात ११२.

आल्बेरहून बापोमकडे जाणारा डी ९२९ हा रोमन काळापासूनचा सरळसोट रस्ता नकाशावर फार मोहक दिसतो. तो टाळा. ट्रक असतात. तो फक्त ओलांडायचा.

पहिला दिवस: आल्बेर ते आल्बेर, सुमारे ५० किलोमीटर

चारशे-पाचशे मीटर चढ होईल. सायकल चालवण्याचे तास तीनच, पण पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

आल्बेरच्या बासिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, शिखरावर बाळाला उंच धरलेली सोनेरी मेरी आहे. जानेवारी १९१५ मध्ये तोफगोळ्याने ती आडवी झाली आणि तीन वर्षं तशीच रस्त्यावर लोंबकळत राहिली. ही पडली की युद्ध संपणार, असं सैनिक म्हणत. १९१८ च्या एप्रिलमध्ये ती पडली. आज दिसते ती नंतर उभारलेली. शेजारीच जमिनीखालच्या जुन्या भुयारात १९१६ च्या लढाईचं संग्रहालय आहे, ते संध्याकाळसाठी ठेवा. सकाळी चौकातल्या बेकरीतून ब्रेड भरून घ्या, दोन्ही बाटल्या भरा आणि डी ५० ने उत्तरेला निघा.

पहिले आठ किलोमीटर आँक्रच्या काठाने, झाडीतून, जवळजवळ सपाट. पाय गरम करायला हेच बरं. आमेल गावात डावीकडे डी ७३ ने वर चढा. माथ्यावर न्यूफाउंडलंड स्मारक आहे, कॅनडा सरकारच्या देखरेखीखाली. सायकल बाहेर लावून चालत आत जायचं. इथे खंदक बुजवलेले नाहीत. गवताने झाकलेल्या नागमोडी चऱ्या आणि गोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. कांस्याच्या कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या) टेकाडावर चढून खाली पाहा. न्यूफाउंडलंडचे सुमारे आठशे जवान इथून पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला ६८ जण उभे राहिले. जर्मन खंदक समोर दिसतो, इतका जवळ की मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल.

आल्या वाटेने आमेलला उतरा, रेल्वे फाटक आणि नदी ओलांडा, आणि सुरुवातीला सांगितलेला थिएपव्हालचा चढ चढा. वाटेत डावीकडे अल्स्टर टॉवर, म्हणजे आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या सैनिकांचं स्मारक, लागेल. इथे घाई करू नका. मध्येच एकदा थांबून मागे वळा. नदी, फाटक, समोरच्या टेकडीवरचा कॅरिबूचा परिसर, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसतं. जर्मन मशीनगनवाल्याला तेच दिसत होतं.

थिएपव्हालचं स्मारक विटांचं आणि पांढऱ्या दगडाचं, ४५ मीटर उंच, कमानीत कमान घातलेलं. १९३२ मध्ये त्याचं अनावरण झालं. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा ७२,००० हून अधिक जणांची नावं त्याच्या खांबांवर कोरली आहेत. वास्तुकार एडविन लटयेन्स. दिल्लीचं इंडिया गेट त्यांचंच, राष्ट्रपती भवनही त्यांचंच. इंडिया गेटखाली उभं राहून मान वर केलेल्या कुणालाही इथे काहीतरी ओळखीचं वाटेल: भिंतीवरच्या नावांच्या रांगा आणि मध्ये आकाशाचा तुकडा. २०२३ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. माहिती केंद्रात स्वच्छतागृह आहे, त्याचा उपयोग करून घ्या, कारण पुढची सोय कधी उघडी असते, कधी नसते.

इथून डी ७३ ने पोझिएर. माथा साधारण १६० मीटरवर, वाटेतली सर्वांत उंच जागा. गावाबाहेर जुन्या पवनचक्कीचं नुसतं टेकाड उरलं आहे. ऑस्ट्रेलियन सैनिक तिथे फार मोठ्या संख्येने पडले. समोर रणगाड्यांचं स्मारक आहे, कारण जगात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले ते १५ सप्टेंबर १९१६ ला, इथून पुढच्याच शेतांत. दोन्ही जागा डी ९२९ ला लागून आहेत. रस्ता ओलांडताना सायकलवरून उतराच.

मग डी १४७ ने काँतालमेझाँ, आणि डी २० ने बाझाँताँमार्गे लाँगव्हाल. हा सात-आठ किलोमीटरचा तुकडा या वाटेतला मला सर्वांत आवडणारा. रहदारी नाही, दोन्ही बाजूंना गहू, रस्ता लाटेसारखा वरखाली.

लाँगव्हालहून डी १०७ ने दीड-दोन किलोमीटर वर गेलात की हाय वुड नावाची राई लागते. राई खासगी आहे, आत जायचं नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहा. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी या राईच्या बाजूने उभ्या पिकातून भाले घेऊन घोडदळ दौडत गेलं. त्यात एक पलटण होती विसावी डेक्कन हॉर्स. या पलटणीचं मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेत. त्या कंटिंजंटच्या छावण्या जालन्याला होत्या, हिंगोलीला होत्या, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. भारतीय सैन्यात डेक्कन हॉर्स आजही आहे, फक्त घोड्यांच्या जागी रणगाडे. मराठवाड्यातल्या छावण्यांचा वारसा सांगणारे घोडे पिकार्दीच्या, म्हणजे या भागाच्या, गव्हातून धावले, हे मला तिथे उभं राहिल्याशिवाय खरं वाटलं नव्हतं.

परत लाँगव्हालला येऊन डेल्विल वुड. १५ जुलैला दक्षिण आफ्रिकेची तीन हजारांवर माणसांची ब्रिगेड या राईत शिरली. २० तारखेला तिच्यातले दीडशेच्या आत पायी बाहेर आले. तेव्हाचं एकच झाड वाचलं, हॉर्नबीमचं. ते शोधून पाहा. बाकी सगळी झाडं नंतरची आहेत. १९२६ मधलं इथलं स्मारक हर्बर्ट बेकर यांचं, म्हणजे दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉक-साउथ ब्लॉकचे वास्तुकार. दिल्ली घडवणारे दोघेही एका दिवसाच्या वाटेत भेटतात.

परतीला माँतोबाँ, मामेत्स, फ्रिकूर असा डी ६४ धरा. वारा आता समोरून येईल. दोघं-तिघं असाल तर आळीपाळीने पुढे राहा. फ्रिकूरहून बेकूरमार्गे ला ब्वासेलला आलात की लॉखनागार विवर लागतं. १ जुलैला सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी इथे जमिनीखालचा सुरुंग उडवला, त्याचा हा खड्डा. व्यास सुमारे शंभर मीटर. काठावर फळ्यांची पायवाट आहे, तिने एक फेरी मारा. आत उतरायचं नाही. शेवटचे चार किलोमीटर आल्बेरपर्यंत बहुतेक उतारच आहेत.

शेताच्या कडेला काही दिसलं तर

दर नांगरणीला या जमिनीतून न फुटलेले तोफगोळे वर येतात. शेतकरी ते उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतात, मग बॉम्ब निकामी करणारं सरकारी पथक येऊन घेऊन जातं. लाँगव्हालच्या अलीकडे विजेच्या सिमेंटच्या खांबाशी असा एक मी पाहिला. कोपरापर्यंतच्या हाताएवढा लांब, गंजाने फुगलेला, मातीची पापडी धरलेला. पहिल्या नजरेला वाळलेलं लाकूडच वाटावं. हात लावू नका, पायाने ढकलू नका, त्याला सायकल टेकवून फोटो काढू नका. काहींमध्ये विषारी वायू आहे. लघवीला शेतात शिरतानाही हे लक्षात ठेवा. आणि खंदकाची आठवण म्हणून गंजकं लोखंड पिशवीत टाकण्याचा मोह तर अजिबात नको.

स्मशानभूमीत

वाटेत दर दोन-तीन किलोमीटरवर पांढऱ्या दगडांची एखादी स्मशानभूमी लागेल. सगळीकडे थांबणं शक्य नाही. तीन-चार निवडा आणि तिथे नीट वेळ द्या. सायकल बाहेरच्या भिंतीला टेकवा, आत नेऊ नका. हेल्मेट काढा. दाराजवळ भिंतीत धातूची छोटी पेटी असते, तिच्यात नावांची वही आणि भेटीची वही. दोन ओळी मराठीत लिहा.

खाणंपिणं

खेड्यातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद असतात, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारीही बऱ्याचदा बंद. म्हणून सकाळच्या बेकरीवरच दिवस काढायच्या तयारीने निघा. दुकानात शिरताच आधी ‘बाँजूर’ म्हणा, मग काय हवं ते सांगा. त्याशिवाय बोलणं सुरू करणं इथे उद्धटपणा समजतात. शाकाहारी लोकांनी नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण हॅमचे बारीक तुकडे कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. ‘साँ जाँबाँ, साँ लार्दाँ, साँ पुआसाँ’ असं एकेक नाव घ्या: हॅम नको, बेकनचे तुकडे नकोत, मासे नकोत. लीकच्या कांद्याचा ‘फ्लामिश’ हा इथला खास पदार्थ. गरम मिळाला तर सोडू नका, पण हॅम नाही ना, हे विचारून घ्या. खिशात शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याच्या वड्या असल्या तर दुपारी चारला त्यांच्याइतकं कामाचं काही नाही.

पाणी संपलं तर गावच्या स्मशानभूमीचा नळ शोधा; फुलझाडांसाठी तो असतोच. फलकावर ‘नाँ पोताब्ल’ असेल तर पिऊ नका.

दुसरा दिवस: नदीकाठाने आमियाँ, सुमारे ६० किलोमीटर

काल माथ्यावरून फिरलात, आज पाण्याच्या कडेने. आल्बेरहून डी ३२९ ने दक्षिणेला नऊ-दहा किलोमीटरवर ब्रे, आणि खाली उतरलं की फ्रुआसीला सोम नदीचा कालवा. इथे साठ सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवरची छोटी आगगाडी आहे, १९१६ मध्ये आघाडीवर माल पोचवायला घातलेल्या मार्गाची. इथून कालव्याकाठची सायकलवाट धरा आणि पश्चिमेला चला. चढ नाही, गाड्या नाहीत, पॉपलरच्या रांगांमुळे वाराही अडतो. मासे धरणाऱ्यांच्या लांब काठ्या वाटेवर आडव्या असतात. लांबूनच घंटी वाजवा.

शिपियीला वाट सोडून गावात जा. चर्चसमोर एक शिल्प आहे: जखमी घोड्याचं डोकं कवटाळून धरलेला तोफखान्याचा सैनिक. एवढ्या स्मारकांत एका जनावरासाठी थांबलेलं हे एकच मला आठवतं.

कोर्बीला जेवा. पायांत बळ उरलं असेल तर तिथून दक्षिणेला चढून व्हिलेर-ब्रेतोनोचं ऑस्ट्रेलियन स्मारक करता येतं. तेही लटयेन्स यांचंच, १९३८ चं. बळ नसेल तर सरळ काठाने पुढे जा. संध्याकाळ आमियाँसाठी राखलेली बरी.

आमियाँचं कॅथेड्रल १२२० मध्ये बांधायला घेतलं. आतलं छत ४२ मीटरवर. मुख्य वेदीच्या मागे गुडघ्याएवढा संगमरवरी देवदूत आहे, कवटीवर हात टेकवून रडणारा. युद्धाच्या काळात सैनिक त्याची पोस्टकार्डं घरी पाठवत. १९१९ मध्ये युद्ध थांबून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा याच उद्ध्वस्त रणभूमीवरून एक सायकल शर्यत काढली होती. तिचा ब्रसेल्स ते आमियाँ हा टप्पा ३२३ किलोमीटरचा होता. पाऊस, बर्फ, उखडलेले रस्ते. जिंकणारा शार्ल देरुइतेर अठरा तासांहून जास्त वेळ सायकलवर होता, पोचला तेव्हा रात्र झाली होती.

तिसरा दिवस हाताशी असेल तर लीलहून लोकलने ला बासेला जा. तिथून सायकलने अर्ध्या तासाच्या आत नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक आहे. बेकर यांचंच, १९२७ चं. फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या आणि थडगं न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीय जवानांची नावं तिथे आहेत. ती भिंत सावकाश वाचायला तास काढा.

सायकल पेटीत भरण्यापूर्वी आमियाँमध्येच धुवा. इथला पांढरा चिखल ओला असताना बोटाने निघतो, पण वाळला की प्लास्टरसारखा बसतो: साखळीत, ब्रेकमध्ये, पेडलच्या खाचेत. टायरही बोटांनी चाचपून पाहा आणि रुतलेले गारगोटीचे कण सुईने काढून टाका.